टक्केवारीची नोटीस

जून महिन्यात एका मराठी माध्यमाच्या सरकारी हायस्कूलचे शिक्षक माझ्या कार्यालयात आले. वय माझ्याइतकेच, पंचावन्नच्या आसपास. हातात कारणे दाखवा नोटीस होती. एसएसएलसी परीक्षेत गणिताचा निकाल अपेक्षेपेक्षा कमी का लागला, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा, असा तिचा आशय. नोटीस अर्थातच कन्नडमध्ये. गुरुजींना कन्नड उत्तम येते, त्यामुळे अडचण भाषेची नव्हती. ते म्हणाले, "वकीलसाहेब, खुलासा चार पानांचा लिहून आणलाय. तो पाठवू की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज पाठवू, एवढंच सांगा."

अशा अवस्थेला हल्ली 'बर्नआऊट' म्हणतात. आपल्याकडे 'मेटाकुटीला येणे' हा जुना आणि नेमका वाक्प्रचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या रोगसूचीत बर्नआऊटची नोंद घेतली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून. आमच्यासारख्या वकिलांना हा भेद महत्त्वाचा वाटतो. दोष मास्तरांच्या प्रकृतीत नसून कामाच्या रचनेत आहे, असे त्यातून निघते. रजेचा अर्ज मात्र प्रकृतीच्याच नावाने करावा लागतो.

रचना कशी आहे, ते पाहू. कर्नाटकात पाचवी, आठवी, नववी आणि अकरावीसाठी राज्य पातळीवरची एकसारखी परीक्षा घेण्याचा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये झाला. 6 मार्च 2024 रोजी उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने तो रद्द केला. दुसऱ्याच दिवशी द्विसदस्यीय पीठाने त्या निकालाला स्थगिती दिली. 11 मार्चला परीक्षा सुरू झाली आणि 12 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठवल्यामुळे अर्ध्यावर थांबली. 22 मार्चला द्विसदस्यीय पीठाने शासनाच्या बाजूने निकाल दिला, उरलेले पेपर झाले, आणि 8 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने निकाल जाहीर करण्यास मनाई केली. दहा वर्षांचे मूल सोमवारी पेपर लिहिते आणि मंगळवारी त्याला सांगितले जाते की उद्या येऊ नकोस. का, हे त्याला सांगणार कोण? वर्गातले मास्तर. आणि त्यांनाही ते ठाऊक नसते.

या वादात एक भाषेचा प्रश्न दडलेला आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 30 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती करता येत नाही. (नववी आणि अकरावी या कलमाच्या कक्षेत येत नाहीत, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.) यावर शासनाने शोधलेली वाट अशी, की या प्रकाराला परीक्षा म्हणायचे नाही, 'मूल्यमापन' म्हणायचे. प्रश्नपत्रिका मंडळाची, वेळापत्रक मंडळाचे, नाव तेवढे निराळे. वकिली व्यवसायात शब्द बदलून कलमाच्या बाहेर पडण्याची कला आम्हीही जाणतो, म्हणून ती ओळखायला वेळ लागत नाही. याच कायद्याचे कलम 29 सांगते की मूल्यमापन सर्वंकष आणि सातत्यपूर्ण असावे, मूल भय आणि चिंता यांपासून मुक्त असावे, आणि शिक्षणाचे माध्यम शक्यतो मातृभाषा असावे. एकाच कलमातल्या या तीन गोष्टी परस्परांना धरून आहेत. भय गेले नाही तर मूल बोलत नाही, आणि आपल्या भाषेत बोलले नाही तर त्याला काय येते हे कळत नाही.

सीमाभागात हा गुंता दुप्पट होतो. गुरुजींच्या चार पानांतले एक पान केवळ शब्दांविषयी होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सराव चाचणीच्या एका प्रश्नपत्रिकेत 'संकलन करा' असे छापले होते. कन्नडमध्ये संकलन म्हणजे बेरीज. मराठी मुलाला संकलन म्हणजे गोळा करणे, आणि बेरजेला तो बेरीजच म्हणतो. व्यवकलनाचेही तेच. कन्नडमध्ये निबंधाला 'प्रबंध' म्हणतात, तर आपल्याकडे प्रबंध पीएच.डी.ला लिहितात. दोन्ही भाषांनी संस्कृतातून उचललेले हे शब्द दिसायला जुळे, अर्थाने वेगळे. कन्नडचा यात काही दोष नाही. दोष आहे तो अनुवाद मराठी वाचणाऱ्या माणसाच्या नजरेखालून न घालता छापखान्यात धाडण्याचा. बेरीज येत असलेल्या मुलाचे गुण 'संकलना'त गेले, तर तो गणिताचा निकाल म्हणायचा की अनुवादाचा? राज्यभर एकच मोजपट्टी लावायची तर तिच्यावरचे आकडे प्रत्येकाला वाचता आले पाहिजेत. संविधानाच्या अनुच्छेद 350-अ ने भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. निर्दोष प्रश्नपत्रिका ही त्या सोयींपैकीच एक, असे माझे मत आहे.

परीक्षाच नकोत, असे मी म्हणत नाही. 2024 मध्ये एसएसएलसीच्या केंद्रांवर वेबकास्टिंग आले, कॉप्यांना आळा बसला आणि आदल्या वर्षीचा 83.89 टक्के निकाल 73.40 वर उतरला, तोही कृपागुण 10 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर नेल्यानंतर. सत्य बाहेर आले, हे चांगलेच झाले. पण त्या सत्याचा खुलासा मागितला गेला तो शिक्षकांकडे. गुरुजींच्या शाळेत विज्ञान शिक्षकाची जागा तीन वर्षे रिकामी आहे. अतिथी शिक्षक उशिरा मिळतो, मध्येच सोडून जातो, आणि मग विज्ञानही गणिताचे गुरुजीच शिकवतात. ही जागा का भरली नाही, याची कारणे दाखवा नोटीस कोणी कोणाला पाठवायची?

शिकवण्याच्या वेळेचाही हिशेब हवा. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. हे कलम मुख्यतः प्राथमिक शिक्षकांचे आहे, पण त्यामागचे तत्त्व हायस्कूललाही लागू पडायला हरकत नसावी. निवडणुकीचे कामसुद्धा शक्यतो सुट्टीच्या आणि बिनशिकवणीच्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितले आहे. तरीही 22 सप्टेंबर 2025 पासून राज्यातले सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षण शिक्षकांच्याच खांद्यावर आले. काम संपेना म्हणून दसऱ्याची सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. त्याचे मानधन दिले जाते, हे खरे. बुडालेल्या तासांचे मानधन मात्र मुलांना कोणी देत नाही.

आम्ही चार पानांचा खुलासा दीड पानावर आणला. तक्रारीचा सूर काढून टाकला आणि तीन गोष्टी ठेवल्या: वर्षभरात प्रत्यक्ष शिकवायला मिळालेले दिवस, रिकाम्या जागेबाबत मुख्याध्यापकांनी पाठवलेल्या पत्रांच्या तारखा, आणि चुकीच्या मराठी शब्दांची यादी. शेवटी एक विनंती जोडली, की प्रश्नपत्रिकांचा मराठी अनुवाद सीमाभागातल्या दोन मराठी शिक्षकांकडून तपासून घ्यावा. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात राहिला. गुरुजींनी तो परत मागितला नाही आणि पाठवा असेही म्हटले नाही.

खुलाशाला अद्याप उत्तर आलेले नाही. दसऱ्यानंतर गुरुजींचा फोन आला, तेव्हा ते एका गल्लीत सर्वेक्षणाचे ॲप उघडून नेटवर्कची वाट पाहत उभे होते. शाळा सुरू झाल्यावर जादा वर्ग घ्यायचे होते आणि पुढे दहावीच्या पूर्वतयारी परीक्षा होत्या. संकलनाच्या जागी बेरीज छापून येईल का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, आपण पुन्हा एक पत्र टाकू.