क्रीडांगणावर दप्तरांसाठी खुंट्या हव्यात

हे शीर्षक वाचून काहींना हसू येईल, याची मला कल्पना आहे. वार्षिक अंकासाठी विषयांचा दुष्काळ पडला काय, असेही कोणी म्हणेल. शिस्त, श्रमप्रतिष्ठा, वाचनाचे महत्त्व असे भारदस्त विषय सोडून खुंटीसारख्या क्षुद्र वस्तूवर लेखणी का झिजवावी? परंतु आमच्या वर्गातील एक मुलगी गेली चार वर्षे खेळापासून दूर राहिली, आणि तिला दूर ठेवणारी गोष्ट मैदानावर खुंट्या नसणे हीच होय, असे माझे मत आहे. ते मत मी येथे मांडू इच्छिते.

प्रथम आमची अडचण सांगते. आमची शाळा दोन वेळांत भरते. सकाळची मुले खेळास थांबली, तर त्यांचे वर्ग दुपारच्या मुलांनी भरलेले असतात. आणि आम्ही दुपारच्या मुली सायंकाळी सुटलो की शिपाईदादा वर्गांना कुलपे लावून मोकळे होतात. तेव्हा दप्तर पाठीवर घेऊनच मैदान गाठावे लागते. ‘घरी ठेवून या’ असा सल्ला देणे सोपे आहे. उधन्यातील आमच्यापैकी बहुतेकींची घरे मैदानापासून पाव ते अर्ध्या तासाच्या वाटेवर आहेत, आणि एकदा घरी गेलेली मुलगी पुन्हा मैदानावर येत नाही. पाणी भरायचे असते, धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, आई कामावरून यायची असते. मुलगा दप्तर फेकून परत पळतो. मुलीला उंबऱ्यावरच काम सापडते. म्हणून आमचा खेळ व्हायचा तो शाळा ते घर या वाटेवरच.

मैदानावर दप्तरांचा ढीग होतो. पावसाळ्यात खाली चिखल, उन्हाळ्यात धूळ, आणि बारमाही कुत्री. शेजारी क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचा चेंडू ढिगावर आदळतो तो वेगळाच. साहजिकच ढिगाजवळ कोणी तरी बसावे लागते. खो-खोत आठ जणी बसतात व नववी पाठलाग करते. दोन्ही बाजू मिळून अठरा. आम्ही येत असू एकोणीस. हिशेब इतका चोख जमत असे, की एकोणिसाव्या मुलीला राखणीस बसविण्यात काही अन्याय आहे, असे आम्हांला कधी वाटलेच नाही. ती रोज पाळीपाळीने बदलावी, असे पहिल्या आठवड्यात ठरले होते. दुसऱ्या आठवड्यात ते आम्ही विसरलो. जिला ‘नाही’ म्हणणे जमत नव्हते, ती कायमची राखणदार झाली.

गेल्या ऑगस्टमध्ये एके सायंकाळी अचानक सर आली. आम्ही धावत येईपर्यंत आठ दप्तरे भिजली होती. विज्ञानाच्या वह्यांतील शाई पानभर पसरली. आम्ही सर्वजणी तिच्यावर संतापलो. तिने आपला रेनकोट आमच्या दप्तरांवर पसरला होता, आणि तिचे स्वतःचे दप्तर ढिगाच्या तळाशी सर्वांत अधिक भिजले होते, हे आमच्या ध्यानात आले ते दुसऱ्या दिवशी. त्यानंतर स्नेहसंमेलनाच्या तालमींसाठी आठवडाभर एक वर्ग उघडा राहू लागला, दप्तरे तेथेच राहिली, आणि ती प्रथमच मैदानात उतरली; कधी या, कधी त्या बाजूच्या एखादीच्या जागी. खांबाला वळसा घालून ती अशी निसटे की तिला बाद करताना आमच्या तिघींना दम लागला. चार वर्षे ही मुलगी आमची दप्तरे राखीत होती! मला त्या दिवशी खेळ गोड लागला नाही.

खुंटी ही काही परक्या देशाची वस्तू नव्हे. आमच्यापैकी अनेकांची घराणी खानदेशातून जळगाव-उधना मार्गाच्या गाडीने येथे आली. गावाकडील जुन्या घरांतून भिंतीत ठोकलेल्या लाकडी खुंट्या अजून दिसतात. त्यांवर पागोटे, कंदील, बियाण्याची पिशवी, सारे काही टांगलेले असते. तालमीत शिरणारा मल्ल आधी कपडे खुंटीला लावतो, मग मातीला हात लावतो. माझे वडील लूमच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांच्या डब्याची पिशवीदेखील भिंतीच्या खिळ्याला लटकते, जमिनीवर नसते. मग मुलांच्या दप्तरानेच मातीत का लोळावे?

मौज अशी की, हा प्रश्न केवळ आमच्या गरिबीचा नाही. अमेरिकेत ‘डिस्क गोल्फ’ नावाचा एक खेळ आहे. तबकडी फेकून ती साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची, असा तो खेळ. १९७५ साली एड हेड्रिक या गृहस्थांनी कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात त्याचे पहिले कायमचे मैदान आखले. खेळाडूजवळ निरनिराळ्या तबकड्यांची एक पिशवी असते. एका फेरीत बहुधा अठरा टोपल्या, म्हणजे फेकीचे अठरा आरंभ. आणि प्रत्येक ठिकाणी ती पिशवी ओल्या गवतावर ठेवायची व वाकून उचलायची. आरंभस्थानी पिशवीसाठी एखादा आकडा असावा की नसावा, हा प्रश्न तेथेही उत्पन्न होतो. टोपली कशी असावी, फेक कोठून करावी, याचा बारीक विचार आधी होतो. पिशवीचा विचार मागाहून.

आमच्या देशी खेळांचेही असेच झाले आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. १९२३ साली आमच्याच गुजरातेतील बडोद्यास हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे अखिल भारतीय सामने भरविले. त्या मंडळींचे ऋण मोठे आहे. त्यांच्यामुळे खांबाची उंची ठरली, पाट्यांतील अंतर ठरले. परंतु नियम असतात ते रेषेच्या आतले. रेषेच्या बाहेर दप्तरांपाशी जे मूल बसते, त्याची मोजदाद कोणत्याच नियमात नसते.

आता आक्षेपांकडे वळते. आमच्या व्यायामशिक्षकांशी मी या विषयावर बोलले, तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘खुंटी चोराला अडवील काय?’’ प्रश्न रास्त आहे, आणि खुंटी चोराला अडविणार नाही हे मी मान्य करते. परंतु ढिगातून एक दप्तर उचलले गेले तर कोणाच्या ध्यानात येत नाही. ओळीने टांगलेल्या दप्तरांत एक जागा रिकामी झाली की लांबूनही दिसते. मात्र त्यासाठी खुंट्या खेळणाऱ्यांच्या नजरेसमोर असाव्यात, कोपऱ्यात मुतारीच्या भिंतीवर नव्हे. मोबाईल दप्तरात टाकून मैदानावर येणाऱ्या मोठ्या मुलांची काळजी मी या लेखात करणार नाही. तो त्यांनी घरी ठेवावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यापुढे मला आपले मत थोडे बदलावे लागले. मी मनात लोखंडी आकडे धरले होते. सर म्हणाले, ‘‘पळता पळता एखाद्याच्या डोळ्यात गेला म्हणजे?’’ पाचवीच्या मुलाचा हात पोहोचेल अशी खुंटी त्याहून लहान मुलाच्या डोळ्यांसमोर येते, हे खरेच. तेव्हा खुंट्या लाकडी, जाड व गोल टोकाच्या असाव्यात. त्यांच्यावर एक फळी अशी बसवावी की ती खुंटीच्या टोकांपेक्षा चार बोटे पुढे येईल, म्हणजे धडक बसली तरी फळीला बसेल. फळीच्या कडाही घासून गुळगुळीत कराव्यात. तिच्यावर पत्र्याचा अरुंद उतार दिला तर पावसाच्या सरीपासूनही काहीसा बचाव होईल. सारी चौकट खेळाच्या रेषेपासून चांगली दहा-बारा पावले मागे असावी.

मजबुतीचे म्हणाल तर, केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तरविषयक धोरणात दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे असे म्हटले आहे. प्रत्यक्षात डबा, पाण्याची बाटली व शिकवणीच्या वह्या मिळून ते किती होते, हे आमच्या खांद्यांना विचारावे! प्रत्येक खुंटीने दहा किलो सहज पेलले म्हणजे झाले. खर्चाची धास्ती वाटण्याचे कारण नाही. दोन खांब, एक आडवी फळी, एकोणीस-वीस खुंट्या. आणि उधन्यात वेल्डिंग व सुतारकाम जाणणाऱ्या पालकांचा काही तुटवडा नाही. लाकडी खुंट्या कोणी चुलीसाठी उपटून नेईल, अशी शंका माझ्या आजीने काढली. नेल्या तर पुन्हा बसवू.

आम्हां दहावीच्या मुलींना याचा लाभ होणे नाही. परीक्षा जवळ आली आहे आणि आमचे मैदान बहुधा संपले. परंतु परवा मी तेथून जात असता पाचवीच्या मुलींचा खो-खो रंगात आला होता, आणि ढिगाजवळ एक चिमुरडी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. ‘‘तू खेळत नाहीस का ग?’’ मी विचारले.

‘‘आज मी दप्तरांजवळ आहे, ताई,’’ ती म्हणाली.

‘‘आणि उद्या कोण?’’

तिने एकवार खेळणाऱ्या मुलींकडे पाहिले, आणि मग ती काहीच बोलली नाही.