दुसऱ्याची गाडी

कुणाच्या घरात शिरून त्याची खुर्ची न विचारता ओढण्याचे धाडस आपण करणार नाही. परंतु तोच गृहस्थ आपली गाडी वाहनतळावर लावून गेला, की ती ढकलायला, तिच्यावर बसून गप्पा मारायला आपल्याला काहीच वाटत नाही. असे का व्हावे?

माझे शालेय शिक्षण सुरतेत, मराठी माध्यमातून झाले. तेथील लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. कुणी यंत्रमागावर, कुणी साड्यांच्या बाजारात, तर कुणी हिऱ्यांच्या कारखान्यात राबतो. यांपैकी अनेकांच्या घरातली सर्वांत महागडी वस्तू म्हणजे हप्त्याने घेतलेली मोटारसायकल. रिंग रोडवरील कापड बाजारांपाशी अशा गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. उशिरा येणारा चार गाड्या रेटून आपली घुसवतो. कुणाचा आरसा फुटतो, कुणाचे इंडिकेटर तुटते. संध्याकाळी दमून आलेल्या मालकाने जाब विचारायचा तरी कोणाला?

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी घसारा शिकतो. वापरामुळे मालमत्तेचे मूल्य घटते आणि ती घट मालकाच्या हिशेबात धरली जाते. पण परक्याच्या धसमुसळेपणाने झालेली घट कोणाच्या खाती टाकायची? आज ती निमूटपणे मालकाच्याच खाती पडते.

"जागाच नाही, तर करायचे काय?" असे कुणी विचारील. प्रश्न खोटा नाही. 2011 च्या जनगणनेतच सुरतेची लोकसंख्या 44 लाखांवर गेली होती. परंतु जागा कमी असेल तर गाडी अधिक नीट लावली पाहिजे, आडवी नव्हे! गाडी तिरकी लावून दोघांची जागा अडवणारा आणि ती संतापाने ढकलणारा, दोघेही एकाच माळेचे मणी. कायद्यानेही दोघांची दखल घेतली आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 122 सार्वजनिक जागी इतरांना अडथळा होईल अशी गाडी उभी करण्यास मनाई करते. कलम 198 नुसार सबळ कारणाशिवाय दुसऱ्याची उभी गाडी हलवणे हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीने त्याचा दंड 100 रुपयांवरून 1,000 रुपये झाला. पण एका आरशासाठी पोलीस चौकीची पायरी कोण चढणार? तेव्हा सवयच बदलायला हवी.

सवयी बदलतात, हे सुरतेनेच दाखवले आहे. 1994 च्या प्लेगने हे शहर घाणीसाठी देशभर बदनाम झाले. त्यानंतर पालिकेने कंबर कसली, नागरिकांनी साथ दिली, आणि 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळवला. रस्ता आपला मानणाऱ्यांना रस्त्यावरची गाडी दुसऱ्याची मानणे जड जाऊ नये.

मित्रहो, आरंभ आपल्या महाविद्यालयाच्या वाहनतळापासून करू या. गाडी ओळीत लावावी. शेजारची गाडी निघेल एवढी वाट ठेवावी. हलवणे अगदी भाग असेल तर रखवालदाराला सांगून, हळुवार हलवावी. आणि हातून नुकसान झालेच, तर आपले नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी तेथे ठेवून जावे. कुणी पाहत नसताना ठेवलेली ती चिठ्ठी हीच आपल्या शिक्षणाची खरी परीक्षा, असे मला वाटते.