वहीत काहीच नाही!

मागील पालक-सभेत शिशुवर्गातल्या एका मुलाच्या आईंनी आम्हांस सरळ विचारले, "वहीत काहीच नाही हो. मुलं दिवसभर बटणंच वेगळी करतात का?" प्रश्न रास्त आहे. फी भरणाऱ्याला वही भरलेली दिसावी असे वाटणारच. सभेत नीट उत्तर देता आले नाही, म्हणून येथे देत आहोत.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. ज्या आकृतीला आम्ही 'वर्ग' म्हणून शिकलो ती मराठीत चौरस, आणि मराठीत वर्ग म्हणजे मुलांची बसण्याची खोली! इंदूरचे मराठी मूल घरी एक शब्द ऐकते, गल्लीत दुसरा, पुस्तकात 'स्क्वेअर'. नुसती नावे घोकून घेतली तर गोंधळ तिप्पट. चारही बाजू सारख्या, चारही कोपरे सारखे, हे बोटाने चाचपून कळले की मग नाव कोणत्याही भाषेतले असो, ते लक्षात राहते.

चौरस फळी टोकावर उभी करा, मूल म्हणेल, "ही तर शंकरपाळी!" टोक खाली केलेला त्रिकोण पुष्कळ मुलांना त्रिकोण वाटतच नाही, कारण तक्त्यावरचा त्रिकोण नेहमी पाया टेकून बसलेला असतो. पुढे मोठ्या इयत्तेत 'प्रत्येक चौरस हा आयतही असतो' असे सांगितले की हीच मुले अडतात. त्यांनी चित्र पाठ केलेले असते, गुणधर्म पाहिलेला नसतो.

यात आमचीही चूक झालेली आहे. काही वर्षांपूर्वी "सारखे ते एकत्र ठेवा" असे आम्ही सांगितले. एका मुलीने लाल गोल, लाल चौकोन, लाल त्रिकोण एका जागी ठेवले. आम्ही "चूक" म्हणून पुढे गेलो. तिने रंगावरून वाटणी केली होती आणि ती बिनचूक होती. "असे का लावलेस?" एवढे विचारायचे राहून गेले. तो दिवसभर ती मुलगी बोलली नाही.

आता शिशुवर्गात आधी एकाच गुणावरून वाटणी होते, मग दोन गुण एकदम, म्हणजे 'लाल आणि गोल'. सर्वांत अवघड 'लाल नसलेले'. बाजारात यासाठी झोल्तान डीन्स या गणितज्ञांच्या नावाने ओळखला जाणारा ठोकळ्यांचा संच मिळतो. पाच आकार, तीन रंग, दोन मापे, दोन जाड्या, असे एकूण 60 तुकडे, एकासारखा दुसरा नाही. संच उत्तम आहे. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी खडे, शिंपले, पाने, बिया यांवरच काम भागवले, हेही विसरता येत नाही.

आणि आपल्या मुलांना वर्गीकरण नवे थोडेच आहे? 2017 साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले ते घराघरांत ओला-सुका कचरा वेगळा झाल्यामुळेच. परवा शिशुवर्गात वाद झाला की वाळलेले केळ्याचे साल कोणत्या डब्यात टाकायचे? दहा मिनिटे चालला. शेवटी एकाने सांगितले, "ओला म्हणजे भिजलेला नाही, कुजणारा." बाईंनी मध्ये तोंड घातले नाही, हे फार बरे केले.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते आठ वर्षांसाठी खेळातून शिकण्यावर भर आहे. तेव्हा विश्वस्तांकडे आम्ही या वर्षी महागडा संच मागत नाही. शिशुवर्गाला रोज एक सलग तास, चार सतरंज्या आणि एका वर्गात मुले कमी, एवढे मागतो. यातली शेवटची मागणी सर्वांत खर्चिक आहे, याची कल्पना आहे.

पालकांनी बाटल्यांची झाकणे, मोठी बटणे, रिकाम्या पेट्या पाठवाव्यात. बारीक मणी व चिंचोके नकोत. मुले ते तोंडात आणि नाकात घालतात.