जुना ई-मेल पत्ता मोडीत काढू नका



सातारा आणि सांगली जिल्ह्यांत घरच्या संगणकावर ई-मेल उघडेनासा झाला की दुरुस्तीच्या दुकानातून बहुधा दोनच उपाय पुढे येतात: संगणक फॉरमॅट मारणे, म्हणजे त्यावरचे सारे पुसून विंडोज नव्याने बसवणे, किंवा सरळ नवा आयडी काढणे. अर्जाची मुदत संध्याकाळी संपत असताना दुकानदाराला दुसरे काही सुचणार नाही, हे मान्य केले तरी हा आजारापेक्षा भयंकर इलाज आहे.

पासवर्ड विसरलेल्या माणसाची ओळख पटवताना जीमेल केवळ त्याची उत्तरे तपासत नाही. तो नेहमीच्या संगणकावरून, नेहमीच्या ब्राउझरमधून आणि नेहमीच्या ठिकाणाहून प्रयत्न करतो आहे का, हेही पाहिले जाते. ब्राउझर, म्हणजे क्रोम किंवा फायरफॉक्ससारखा संकेतस्थळे दाखवणारा प्रोग्राम, ज्या कुकीज नावाच्या लहान नोंदी जपून ठेवतो, त्यांवर ही ओळख पुष्कळशी अवलंबून असते. फॉरमॅटमुळे ती पुसली जाते आणि माण तालुक्यातल्या गावातून दहिवडीच्या नेट कॅफेत जाऊन केलेला प्रयत्न परक्या माणसाचा वाटण्याचा संभव वाढतो.

मुळात दोष पासवर्डात असेलच असेही नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की भिंतीवरचे बटण बंद होताच संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग संकेतस्थळाच्या खरेपणाचा दाखला, ज्याला प्रमाणपत्र म्हणतात, संगणकाच्या लेखी अजून सुरूच झालेला नसतो आणि कनेक्शन खाजगी नसल्याचा इशारा पडद्यावर झळकतो. तारीख दुरुस्त करून किरकोळ किमतीचा सेल बदलला की काम भागते. मराठीत अर्ज टंकून झाल्यावर कळफलक मराठीवरच राहिला, तर पासवर्डाच्या चौकटीत काळे ठिपकेच दिसत असल्याने चूक कळत नाही. तोच पासवर्ड नोटपॅडमध्ये टंकून पाहिला की ती उघडी पडते, मात्र पाहून झाल्यावर तो लगेच पुसावा.

खरी गाठ पडते ती मोबाईल क्रमांकाशी. खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतली कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरलेली आहेत, तर सातारा तालुक्यातले अपशिंगे मिलिटरी सैनिकांचे गाव म्हणून ओळखले जाते. अशा घरांत पत्ता वडिलांचा आणि नोंदवलेला क्रमांक परगावच्या मुलाचा असला, तर मोबाईलवर येणारा आणि काही मिनिटांत बाद होणारा सांकेतिक अंक दूरच्या शहरात किंवा सीमेवरच्या चौकीवर पोहोचतो आणि विट्यातला किंवा अपशिंग्यातला पडदा वाट पाहत राहतो. पत्ता काढून देणाऱ्या नेट कॅफेच्या किंवा सेवा केंद्राच्या चालकाने स्वतःचाच क्रमांक घातला असेल, तर खात्याची किल्ली त्याच्या खिशात राहते. वापराविना बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, हे तर बहुतेकांच्या गावीही नसते.

नव्या आयडीने यांतले काहीच सुटत नाही, कारण महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, विमा, बँक यांच्याकडे जुनाच पत्ता नोंदलेला राहतो. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले असून त्या डिसेंबरपासून ते अमलात आहे. तेव्हा मोडीत काढलेल्या पत्त्याबरोबर त्यातली पत्रे आणि छायाचित्रेही जाऊ शकतात.

म्हणून केंद्रचालकांनी पत्ता काढून देताना खातेदाराचा स्वतःचाच क्रमांक घालावा आणि द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डानंतरची दुसरी खात्री, सुरू करून देत असतील तर जीमेल देते ते दहा राखीव अंक कागदावर छापून त्याच्या हाती द्यावेत. प्रत्येक अंक एकदाच चालतो, पण मोबाईल जवळ नसतानाही चालतो. हा कागद सातबाऱ्याच्या फाइलमध्ये राहिला तरी पुरे. एमएस-सीआयटीच्या वर्गांनीही खाते परत मिळवण्याचा एक तास प्रत्यक्ष संगणकावर करून घ्यावा. ज्यांचा जुना पत्ता घरच्या संगणकावर अजून उघडतो आहे, त्यांनी आजच तो उघडून त्यात कोणाचा मोबाईल क्रमांक नोंदलेला आहे, एवढे पाहून घ्यावे.

— एक वाचक, कराड