तिसऱ्यांचा वाटा

उपवासकाळातल्या शुक्रवारी आमच्या घरी मटण नसतं, मासे चालतात. निपाणीला समुद्र नाही, पण देवगड-निपाणी रस्ता आहे आणि फोंडा घाट चढून येणारी मासळी आहे. यंदा मम्मीने तिसऱ्यांचा वाटा आणला. बघते तर एकेक शिंपली नखाएवढी! मासेवाल्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "मोठ्या आता मिळतात कुठं बाळ?"

हा प्रश्न नुसता कोकणाचा नाही. जपानमध्ये 1983 च्या सुमारास आसारी शिंपल्या वर्षाला साधारण 1 लाख 60 हजार टन निघत. अलीकडे हा आकडा 10 हजार टनांच्याही खाली गेलाय. 2022 मध्ये तर बाहेरदेशातून आणलेल्या शिंपल्या तिथे 'कुमामोतोच्या' म्हणून विकल्या जात असल्याचं उघड झालं.

आता केरळ बघा. कोल्लमच्या अष्टमुडी सरोवरात 1991 मध्ये सुमारे 10 हजार टन शिंपल्या निघाल्या आणि 1993 पर्यंत उत्पादन निम्म्यावर आलं. मग केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्याने नियम झाले. डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे प्रजननाच्या काळात, काढणी बंद. जाळ्याचा आस किमान 30 मिलिमीटर. बारीक शिंपल्यांच्या निर्यातीला आळा. उत्पादन सावरलं. 2014 मध्ये या मासेमारीला मरीन स्ट्यूअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलंच.

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, पण ती यांत्रिक नौकांना. ओहोटीला खाडीत वाकून हाताने तिसऱ्या काढणाऱ्या बायका त्यात येतच नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की तिसऱ्यांसाठीही नियम हवा. मात्र तो त्या बायकांना विचारून ठरवावा आणि बंदीच्या महिन्यांत त्यांच्या चुलीची सोय आधी करावी. सगळा दोष त्यांच्यावर टाकणंही बरोबर नाही. तिसऱ्या वाळूत राहतात. खाडीतली वाळूच उपसली, तर त्यांनी वाढायचं कुठं?

आणि आपण गिऱ्हाइकं? पुढच्या शुक्रवारी मम्मीने बारीक वाटा परत ठेवला आणि बांगडे घेतले. मावशी जरा नाराज झाल्या, पण आम्ही मोठ्या तिसऱ्यांना दोन पैसे जास्त देऊ म्हटल्यावर हसल्या. उपवासकाळात मटण सोडता येतं, तर बारीक तिसऱ्याही सोडता येतील की!