पाऊलवाटेचीही दफ्तरी नोंद व्हावी

निफाड तालुक्यातले विंचूर हे सडकेवर वाढलेले गाव आहे. विंचूरकर सरदारांच्या जहागिरीचे हे ठाणे आज नाशिक-येवला हमरस्त्यावरील कांद्याच्या बाजारामुळे ओळखले जाते, आणि माल भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग ज्याने लहानपणापासून पाहिली आहे, त्याच्या मनात सडकेविषयी कृतज्ञतेखेरीज दुसरी भावना असणे कठीण. तरीही डोंगरात सडकेने माणसाला पोहोचवावे आणि तेथून पुढचा मान पाऊलवाटेला द्यावा, असे माझे पूर्ण विचारांती झालेले मत आहे. आणि ज्या सरकारी दफ्तरात सडकेच्या प्रत्येक मोरीचा हिशेब असतो, तेथे पाऊलवाटेच्या नावाने एखादी ओळ असू नये, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

हा विचार मनात दृढ झाला तो भंडारदऱ्यास. प्रवरेवर 1926 साली पूर्ण झालेल्या धरणाच्या जलाशयाला वळसा घालीत शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर आणि पुढे साम्रद, रतनवाडी, मुतखेल अशी जी सडक फिरते, तिच्यासारखी रमणीय सडक आपल्या मुलखात विरळाच. हा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. महाराष्ट्राचे 1646 मीटर उंचीचे सर्वोच्च शिखर याच्याच उत्तर सीमेवर उभे आहे. परंतु पावसाळ्यातील कोणत्याही रविवारी येथे पाहावे, तर मोटारींची रांग घाटघरच्या कोकणकड्यापर्यंत जाते, मंडळी काचेतून धुके पाहतात, कणसे खातात, आणि अरण्याला पाय न लावताच परततात.

गेल्या भाद्रपदात रतनवाडीच्या अमृतेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही रतनगडाची वाट धरली. प्रवरेचा बाल्यावस्थेतील ओढा ओलांडून वाट कारवीच्या रानात शिरते. तेथे चढावर एका ठिकाणी मूळची हातभर रुंद वाट कमरेइतकी खोल घळ झाली होती. पाण्याने माती नेली होती, झाडांची मुळे उघडी पडली होती, आणि चिखल टाळणाऱ्यांच्या पायांनी दोन्ही अंगांना कारवी तुडवून आणखी दोन वाटा पडल्या होत्या. आमच्याबरोबरच्या वाटाड्याने न बोलता दोन चपटे दगड उचलले, वाटेला तिरकस आडवे बसविले, टाचेने दाबले आणि पाणी बाजूच्या उतारावर काढून दिले. माझ्यासारख्या निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला बांधबंदिस्ती शिकवावी लागत नाही. ते दोन दगड पाहताच मला कळले की, ज्या वाटेच्या दुरुस्तीला घटकाभराचे काम आणि जागेवरचेच दोन दगड पुरतात, ती केवळ कोणाच्या जबाबदारीत नसल्यामुळे बुजते आहे.

वास्तविक या वाटा सडकांहून कितीतरी जुन्या आहेत. घाटघरहून चोंढ्याला आणि साम्रदहून डेहण्याला उतरणाऱ्या वाटांनी महादेव कोळी व ठाकर समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात बाजाराला आणि सोयरिकीला गेली. सह्याद्रीतील नाणेघाट तर सातवाहनकाळी इतका वाहता होता की, तेथील दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखविला जातो. आपला कायदाही वहिवाटीला अगदीच विसरलेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, 1966 सालच्या या कायद्यात, जाण्यायेण्याच्या रूढ हक्कांची नोंद करण्यासाठी वाजिब-उल-अर्ज या जुन्या नावाची तरतूद जिवंत आहे. ती सरकारी वनजमिनीस लागू नाही हे खरे; पण वहिवाट लिहून ठेवण्याजोगी वस्तू आहे, हे तत्त्व तीत मान्य झालेले आहे. तेच तत्त्व अरण्यात नेण्यास हरकत कोणती?

सडक आणि वाट एकत्र कशा नांदतात हे पाहायचे, तर अमेरिकेतील शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानात डोंगरमाथ्यावरून सुमारे 169 किलोमीटरची विख्यात सडक जाते. परंतु त्याच उद्यानात सुमारे 800 किलोमीटरच्या पायवाटा आहेत, आणि त्यांच्या निगराणीत स्वयंसेवकांच्या मंडळांचा मोठा हात आहे. सडकेच्या जवळजवळ पाचपट वाटा! तेथील सडक म्हणजे वाटांपर्यंत नेणारी देवडी आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वनखात्याने ग्रामसभांना बरोबर घेऊन अभयारण्यातील प्रत्येक वाटेचे नाव, लांबी, पाणवठे आणि धोक्याच्या जागा यांची नोंदवही करावी. अभयारण्याच्या नाक्यावर जो प्रवेशकर घेतला जातो, त्याचा ठरावीक हिस्सा त्या त्या गावाला वाटेच्या दुरुस्तीच्या मजुरीपोटी मिळावा. आणि ज्येष्ठाच्या तोंडावर काजवे चमकतात तेव्हा, तसेच अतिवृष्टीत, कोणत्या वाटेवर किती माणसे सोडावीत अथवा वाट बंद ठेवावी, हे गावाच्या सल्ल्याने ठरावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील प्रवेश नियमाधीन केलाच आहे.

नोंद झाली की गर्दी वाढेल आणि रानाचे रानपण जाईल, असा आक्षेप येईल व तो प्रामाणिक आहे. परंतु गर्दी आजच आहे. फक्त तिला वळण नाही. दुरुस्त वाट माणसाला एका रेषेत चालविते, बुजलेली वाट त्याला कारवीतून नेते.

हे सारे विंचूरच्या माणसाने का सांगावे? कळसूबाईच्याच रांगेतील कुलंग गडाच्या उत्तर कुशीत दारणा उगम पावते आणि आमच्याच तालुक्यात गोदावरीला मिळून नांदूरमध्यमेश्वराच्या बंधाऱ्यात येते. डोंगरावरची माती जेथे सुटते, तिचा गाळ शेवटी आमच्याकडच्या पाण्यात बसतो. त्या वाटाड्याने बसविलेले दोन दगड मी रतनगडाच्या चढावर पाहिले असले, तरी तसे दगड डोंगराच्या दारणेकडील अंगालाही हवे आहेत. आणि ते बसविणाऱ्याचे नाव मजुरीच्या हजेरीपटावर दिसावे, एवढेच माझे मागणे आहे.