रक्त कुणाचे, प्रश्न कुणाचे?

आरोग्यसंशोधन हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, सामान्य माणसाने त्यात तोंड घालू नये, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. आमच्या धर्मग्रामांतील शिकलेली मंडळीही त्याला अपवाद नाहीत. या समजाला आमचा स्पष्ट विरोध आहे, आणि तो विज्ञानाविषयीच्या आदरापोटीच आहे.

धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर मासळी सुकवणारी मच्छीमार स्त्री आणि तलासरीच्या पाड्यावरची वारली माता, या दोघींच्या प्रकृतीविषयीचे प्रश्न थोडे नाहीत. डहाणूच्या खाडीकाठी कोळशावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र आहे. आदिवासी पाड्यांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. डहाणूत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रही आहे. संशोधन दाराशी आले, ही चांगलीच गोष्ट. पण पाहुण्याने घरच्यांना विचारूनच उंबरठा ओलांडायचा असतो. काय शोधायचे, संमती कशी घ्यायची आणि सापडले ते कुणाला सांगायचे, या तिन्ही ठिकाणी घरच्यांच्या शब्दाला मान हवा.

तो नसला की काय होते, हे खम्मम जिल्ह्याने दाखवले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा अभ्यास तेथील मुलींवर चालला होता. २०१० साली तो थांबवावा लागला. मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, असे चौकशी समितीने सांगितले. परंतु वसतिगृहांतील मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले, आणि २०१३ साली संसदीय समितीने कठोर ताशेरे ओढले. लस उपयोगी होती. विश्वास मात्र गेला. आश्रमशाळांच्या आमच्या या मुलखाने तो धडा विसरू नये.

सिकलसेलचेच पाहा. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. तपासणीला रक्ताचा थेंब पुरतो. पण अहवाल मुलीच्या सोयरिकीपर्यंत तिची पाठ सोडत नाही. तो कुणासमोर, कोणत्या शब्दांत सांगावा, हे प्रयोगशाळेला कसे कळणार? ते पाड्यावरच्या बायांना कळते.

'अडाण्यांना संशोधनातले काय समजते?' असा आक्षेप येईल. रक्तपरीक्षेची पद्धत मतदानाने ठरवावी, असे आम्ही म्हणत नाही. पण गडचिरोलीकडे बघा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले, तोवर हे दुखणे लाजेखाली झाकलेले होते. पुढे ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले गेले, आणि हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर साडेपंचवीसवर आला. हे जगाने १९९९ साली वाचले. ज्यांना आपण अडाणी म्हणतो, त्यांच्याच हातांनी ते शास्त्र सिद्ध केले!

जागतिक वैद्यक संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यानेही २०२४ च्या सुधारणेत संशोधनातील माणसाला 'सहभागी' म्हटले आहे. आपल्या परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे समाजाचा सहभाग मागतात; नीतिसमितीत सामान्य नागरिकाला जागा देतात. आमच्या अनुसूचित क्षेत्रात तर पेसा कायद्याची ग्रामसभा आहे. मग संशोधनाचा निष्कर्ष ग्रामसभेत, तेथील लोकांच्या बोलीत, का वाचला जाऊ नये?

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारीत होता. त्याला काय हवे, हे प्रभूला दिसत नव्हते काय? तरीही प्रभूने आधी त्याला विचारले, आणि मगच दृष्टी दिली. विचारणे हा उपचाराचाच भाग आहे, हे ख्रिस्ती माणसाला नव्याने शिकवायला नको.

म्हणून आमच्या धर्मभगिनींनी, परिचारिकांनी आणि युवकांनी आता पुढे व्हावे. सर्वेक्षणाचा कागद दारी आला की तो वाचून दाखवावा. नकार देण्याचाही हक्क आहे, हे सांगावे. निष्कर्ष परत येईपर्यंत पाठपुरावा करावा. रक्त देणाऱ्याला उत्तर मिळालेच पाहिजे. ते देणे चुकते झाल्याशिवाय कोणतेही संशोधन पूर्ण झाले, असे आम्ही मानणार नाही.